खालून कापलेला मजकूर

कर्जतच्या एका वाचनालयात मी दर रविवारी सकाळी निबंधाचा वर्ग घेतो. वर्ग विनामूल्य आहे. अकरावी-बारावीची आठ-दहा मुले येतात. परीक्षा जवळ आली की चार-पाच उरतात. मुंबईतल्या एका दैनिकाच्या डेस्कवरची नोकरी संपवून मी इथे राहायला आलो, तेव्हा वाचनालयाच्या कार्यवाहांनी गळ घातली. ते पेशाने वकील आहेत. "नुसते बसण्यापेक्षा मुलांना चार वाक्यं धड लिहायला शिकवा," असे ते म्हणाले. मला शिकवण्याचा अनुभव नव्हता. दुसऱ्यांनी लिहिलेले दुरुस्त करण्याचा होता. या दोन कामांतला फरक तेव्हा त्यांच्या लक्षात आला नाही, माझ्याही नाही.

पुढचा मजकूर एका वाक्याबद्दल आहे. ते वाक्य वर्गातल्या एका मुलीचे होते. त्यातला अर्धा भाग मी तिला न विचारता काढला. ती ज्या वाडीवर राहते तिथली शाळा पुढे बंद झाली, आणि ती बंद करा असे या मुलीनेच म्हटले होते, अशी वाडीची समजूत झाली. तिने तसे म्हटले नव्हते.

वर्गाचे पहिले दोन-तीन रविवार एकाच गोष्टीत जातात. मन वळवणाऱ्या निबंधाला एक मुद्द्याचे वाक्य लागते. निबंध काय सांगणार आहे ते त्या एका वाक्यात यावे लागते, आणि ते लवकर यावे लागते. मी फळ्यावर लिहितो: 'प्रदूषण ही गंभीर समस्या आहे.' मग विचारतो, या वाक्याच्या विरोधात कोण उभे राहील?

"कारखानेवाले, सर," त्या वर्षी मागून एक आवाज आला. मुले हसली.

"तेही नाही राहणार. ते 'हो, खरं आहे' म्हणतील आणि घरी जातील. म्हणजे हे वाक्य काहीच करत नाही." मग मी ते पुसून दुसरे लिहिले: 'शिळफाट्याच्या बाजारात टेंपो उभे करायला बंदी घालावी.'

"ओ सर, माझ्या काकाचा टेंपो तिथंच लागतो!"

"मग कुठं लावायचा, तुमच्या दारात?"

"लागू दे ना बाजूच्या गल्लीत. आमाला चालायला जागा नाय राहत."

वर्गात दोन मिनिटे काही ऐकू येईनासे झाले. मला हेच हवे असते. गोंधळ थांबल्यावर मी नियम सांगितला आणि मुलांनी तो वहीत उतरवून घेतला. ज्या वाक्याच्या विरोधात एखादा शहाणा माणूस उभा राहू शकतो, तेच मुद्द्याचे वाक्य.

ही मुलगी तेव्हा काही बोलली नव्हती. ती बारावीत होती आणि खालापूर तालुक्यातल्या डोंगराच्या पायथ्याच्या एका ठाकरवाडीवरून येत असे. वाडीवरून उतरून डांबरी रस्ता, तिथून टमटमने खोपोली, खोपोलीहून गाडीने कर्जत. वर्ग नऊला सुरू होई. ती कधी उशिरा आल्याची नोंद माझ्याकडे नाही. मी हजेरी ठेवतो. ती जुनी सवय आहे.

त्या वर्षी दिवाळीनंतर परिसरातल्या एका संस्थेने विद्यार्थ्यांसाठी निबंध स्पर्धा जाहीर केली. विषय होता 'माझ्या गावासाठी एक मागणी'. मर्यादा तीनशे शब्द. मजकूर टाइप करून पाठवायचा होता. निवडक निबंधांची पुस्तिका निघणार होती. कार्यवाहांनी मला बाजूला घेतले. "आपल्या वर्गाचं नाव झालं पाहिजे यंदा," ते म्हणाले. मी मान डोलावली. मलाही तेच वाटत होते, हे नोंदवायला हवे.

पाच मुलांनी निबंध दिले. चार निबंधांत रस्ता, पाणी, वीज आणि क्रीडांगण होते. पाचवा हिचा. तिने वहीचा कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि उभी राहिली.

"बगा सर, जमलंय का."

पहिले वाक्य असे होते: 'आमच्या वाडीवरची शाळा बंद करून मुलांना खालच्या गावातल्या मोठ्या शाळेत पाठवावे, पण पावसाळ्यात वाडीपर्यंत गाडी येणार असेल तरच, नाहीतर आहे ती शाळा चालू ठेवावी.'

मी ते दोनदा वाचले. वाडीवरच्या मुलीने वाडीवरची शाळा बंद करायला सांगावे, हे मी कुठे वाचले नव्हते. तिची कारणेही ठोस होती. चौथीपर्यंतची शाळा, पटावर नऊ मुले, चार इयत्तांना मिळून एक गुरुजी. त्या गुरुजींना दुसऱ्या कामावर बोलावले की शाळेला कुलूप. चौथी झालेली मुले पाचवीला खालच्या गावात जातात, तेव्हा तिथली मुले वर्ष-दोन वर्षे पुढे असतात. 'मी पाचवीत दिवाळीपर्यंत एक शब्द बोलले नाही. बाईंना वाटले मी मुकी आहे,' असे तिने लिहिले होते. मूल पाच वर्षांचे असल्यापासूनच मोठ्या वर्गात बसले तर ते बोलेल, असा तिचा युक्तिवाद होता.

"चांगलं आहे," मी म्हणालो. "फक्त या पहिल्या वाक्यात 'पण'पासून पुढचं सगळं जोर काढून घेतंय."

"गाडी नसंल तर बंद करून कसं चालंल? मधी ओढा हाय."

"ते बरोबर आहे. पण सुरुवातीलाच अट घातली की वाचणाऱ्याला वाटतं, लिहिणारीचंच अजून नक्की नाही."

"माझं नक्की हाय, सर. दोन्ही नक्की हाय."

"मग अट खाली घे. वर नुसती मागणी ठेव. शेवटचा परिच्छेद गाडीचा कर. जोर पण राहील आणि गाडी पण राहील."

तिने कागद उचलून पाहिला. "खाली वाचतात का लोक?"

"निबंध शेवटपर्यंत वाचतात," मी म्हणालो.

डेस्कवर आयुष्य काढलेल्या माणसाने हे म्हणायला नको होते. बातमी लिहिताना सर्वांत महत्त्वाचे वर घेतात आणि उतरत्या क्रमाने खाली येतात. त्याचे कारण वाचकाची सोय हे सांगितले जाते. खरे कारण असे की पानात जागा कमी पडली तर उपसंपादकाला विचार न करता खालून कापता यावे. जाहिरात आली, खालच्या चार ओळी गेल्या. दुसरी बातमी वाढली, आणखी एक परिच्छेद गेला. वार्ताहराला कोणी विचारत नाही. त्यालाही ते माहीत असते, म्हणून तो जपायची गोष्ट कधी खाली ठेवत नाही. या मुलीला ते माहीत नव्हते. तिने पुढच्या रविवारी निबंध पुन्हा लिहून आणला. गाडीचा परिच्छेद सांगितल्याप्रमाणे शेवटी होता आणि तो निबंधातला सर्वांत चांगला परिच्छेद होता. ओढ्याला पाणी आले की पहिलीतल्या मुलाच्या छातीपर्यंत येते, ते मोजायला तिने तिच्या शेजारच्या घरातली मुलगी उभी केली होती.

टाइप करायचे काम माझ्याकडे होते. स्पर्धेच्या अर्जांवर मुलांच्या सह्या आधीच घेतल्या होत्या. पाठवायच्या दिवशी दुपारी मी पाचही निबंध टाइप केले. चार मर्यादेत बसले. हिचा तीनशे त्रेचाळीस शब्दांचा झाला. मी पहिले वाक्य आणखी ताणले: 'आमच्या वाडीवरची शाळा बंद करून मुलांना खालच्या मोठ्या शाळेत पाठवलेच पाहिजे.' मग खाली गेलो. शेवटचा परिच्छेद पन्नासच्या आसपास शब्दांचा होता. तो निवडला आणि काढला. मजकूर बसला.

याला एक मिनिटही लागले नसावे. तिच्या घरचा फोन नंबर माझ्या वहीत होता. बाकीचे परिच्छेद थोडे थोडे छाटून तीनशेत बसवता आले असते. तेवढे कौशल्य माझ्याकडे आहे. हे दोन्ही पर्याय मला तेव्हा सुचले नाहीत. सुचले पण कंटाळा केला, असे असते तर सांगायला तरी बरे वाटले असते. टाइप केल्यावर मुलांचे हस्तलिखित कागद मी रद्दीत टाकले. डेस्कवर पान छपाईला गेल्यावर कॉपी, म्हणजे मूळ कागद, ठेवत नाहीत.

तिला पहिले बक्षीस मिळाले.

समारंभ खोपोलीत एका सभागृहात झाला. ती आत्याला घेऊन आली होती. आत्या पन्नाशीची, अंगाने काटक, अंगावरच्या नव्या साडीची घडी त्या दिवशीच मोडलेली. तिला वाचता येत नव्हते, पण घरी भाचीने निबंध इतक्या वेळा मोठ्याने म्हटला होता की तिला तो पाठ होता. हे तिनेच मला पायऱ्यांवर सांगितले. "अर्ध्या रातीला उटवा, म्हनून दाखवीन," ती म्हणाली.

प्रमुख पाहुणे म्हणून शिक्षण खात्यातले एक साहेब आले होते. पहिल्या बक्षिसाचा निबंध वाचून दाखवायचा होता. मुलीच्या हातात नवी पुस्तिका दिली. संस्थेने प्रत्येक निबंधातले पहिले वाक्य ठळक अक्षरांत चौकटीत छापले होते. तिने ते वाचले तेव्हा ती किंचित थांबली, कारण 'पाठवलेच पाहिजे' हे तिचे नव्हते. मग ती पुढे गेली. आवाज स्वच्छ होता.  पान संपले. तिने पान उलटले. मागच्या पानावर दुसऱ्या मुलाचा निबंध होता. तिने पान परत उलटले, पुन्हा पुढे केले, आणि ध्वनिवर्धकासमोर तशीच उभी राहिली.

लोकांना वाटले ती भारावली. टाळ्या सुरू झाल्या. तिला काय सापडत नव्हते ते त्या सभागृहात दोघांना माहीत होते. त्यातला एक मी. मीही टाळ्या वाजवल्या.

दुसरी आत्या. मुलगी व्यासपीठावरून खाली आल्यावर आत्या तिला सगळ्यांसमोर म्हणाली, "गाडीचं नाय वाचलंस गं तू."

"यात नाय हाय, आत्या."

"नाय कसं? लिवलं व्हतंस ना?"

"लिवलं व्हतं."

दोघींनी माझ्याकडे पाहिले. तेवढ्यात कार्यवाहांनी फोटोसाठी हाक मारली आणि मी गेलो. त्या फोटोत मी मध्यभागी आहे. तो वाचनालयात लावला आहे.

साहेबांनी भाषणात निबंधाचा उल्लेख केला. वाडीवरची मुलगी स्वतः असा विचार मांडते हे धाडसाचे आहे, असे ते म्हणाले. त्यांचा दोष नाही. जे छापले होते ते त्यांनी वाचले. तिसऱ्या दिवशी एका स्थानिक पत्रात चार ओळी आल्या, शीर्षक: 'वाडीवरची शाळा बंद करा, विद्यार्थिनीची मागणी'. मी डेस्कवर असतो तर हेच शीर्षक दिले असते.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"सर, गाडीचं कुठं गेलं?"

"शब्दमर्यादा होती," मी म्हणालो. "तीनशेच्या वर गेला असता तर निबंध बाद झाला असता."

"मग वरचं थोडं थोडं काढायचं."

"वेळ नव्हता."

 "बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. पुढच्या रविवारी ती वर्गाला आली नाही. त्यानंतरही आली नाही. हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे मी 'परीक्षा' असे लिहिले.

खुलासा काय असतो हे मला पक्के माहीत आहे. चुकीचे छापले गेले की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी द्यायच्या. असे शेकडो खुलासे माझ्या हाताखालून गेले. संस्थेला एक पत्र, बातमी छापणाऱ्या संपादकांना एक, साहेबांना एक, इतके पुरे होते. मी ती लिहिली नाहीत. पहिल्यांदा वाटले, विषय आपोआप विसरला जाईल. नंतर वाटले, पत्र लिहिले तर बक्षीस मागे घेतील आणि ते मुलीच्याच अंगावर येईल. हे दुसरे कारण मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. बक्षीस मागे घेतले असते तर भिंतीवरचा फोटोही काढावा लागला असता, हे कारण मी स्वतःला सांगितले नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला ती दुपारची माझ्या घरी आली. बरोबर कोणी नव्हते. बस म्हटले तर बसली नाही.

"शाळा बंद व्हायचा कागद आलाय," ती म्हणाली.

नेमकेपणासाठी सांगायला हवे की निबंधामुळे शाळा बंद झाली, असे म्हणता येणार नाही. कमी पटाच्या शाळांचा विचार आधीपासून चालू होता. पण वाडीची माणसे शिक्षण खात्याच्या कार्यालयात विरोध करायला गेली तेव्हा त्यांच्यापुढे पुस्तिकेचे ते पान ठेवले गेले. तुमचीच मुलगी म्हणते, असे सांगितले गेले. माणसे परत आली.

"वाडीत काय म्हनतात म्हाईत हाय? पोरगी शिकली नि शाळा विकली. पाण्यावर गेले की बाया इचारतात, केवढ्याला गं विकलीस? बक्षिसाची बॅग मिळाली ना मला, ती दाखवतात एकमेकींना." ती हे रडत सांगत नव्हती. सांगून झाल्यावर म्हणाली, "माझा कागद द्या. मी लिवलेला. त्यात गाडीचं हाय. तो दाखवते लोकांना."

"तो नाही माझ्याकडे."

"मग?"

"टाकला. छापून झालं की आम्ही ठेवत नाही."

"ते तुमचं पेपरचं, सर. हा माझा व्हता."

 ती दारापर्यंत गेली आणि वळली. "ग्रामसभा हाय सोमवारी. कागद नाय तर मग तुमीच या."

पत्नीने आतून विचारले, चहा टाकू का? तोपर्यंत ती गेली होती.

ग्रामसभा खालच्या गावात, ग्रामपंचायतीच्या कार्यालयापुढच्या पत्र्याच्या मांडवात होती. वाडीची पंचवीस-तीस माणसे एका कडेला बसली होती, बायका पुढे. मी येताना गाडीत मजकूर तयार केला होता आणि एका कार्डावर उतरवला होता. शाळेचा विषय आला तेव्हा मुलीने माझ्याकडे पाहिले. मी उभा राहिलो आणि वाचले:

"सदर निबंधातील काही मजकूर शब्दमर्यादेमुळे कमी करण्यात आला होता. त्यात वाहनाच्या सोयीसंबंधीची अट होती. त्यामुळे जो गैरसमज निर्माण झाला त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे."

मी कार्ड खिशात घातले. 

"म्हंजे काय झालं?" आत्या म्हणाली. "जरा आमाला कळंल असं सांगा की गुर्जी."

मागे कोणी तरी हसले.

"निबंधाच्या शेवटी गाडीबद्दल लिहिलेलं होतं. ते छापताना निघालं."

"आपसूक निघालं?"

"नाही. काढलं गेलं."

"अवं पन काढलं कुनी? ह्या पोरीनं काढलं का?"

"नाही."

"छापणाऱ्यानं?"

"नाही. मी काढलं."

"तिला इचारलं व्हतं?"

"नाही."

आत्या मागे वळली आणि पाण्यावर टोमणे मारणाऱ्या बायकांकडे बघत म्हणाली, "ऐकलं का गं? का परत सांगाया लावू?"

मला वाटले संपले. पण वाडीतला एक म्हातारा, जो तोवर खाली बघून तंबाखू मळत होता, त्याने मान वर केली. "इतकं दिस कुठं व्हता मग तुमी?" त्याने आवाज चढवला नव्हता. मधल्या महिन्यांचा हिशेब मला तोंडपाठ होता: समारंभ, बातमी, फोन, आदेश.  मी खाली बसलो. कोणी बसा म्हटले नव्हते.

मग मुलगी उठली.

"आमाला सरांनी शिकवलंय," ती म्हणाली, "ज्या वाक्याच्या विरोधात शहाणा मानूस उभा राहतो, ते खरं वाक्य. माझ्या नावानं एक वाक्य छापलंय. मी त्याच्या विरोधात उभी हाय." आणि तिने तिचे मूळ वाक्य म्हटले. शाळा बंद करा, मुले खाली पाठवा, पण पावसाळ्यात वाडीपर्यंत गाडी येणार असेल तरच. नाहीतर आहे ती शाळा चालू ठेवा. जसे माझ्या टेबलावर पहिल्यांदा आले होते तसे, अट पहिल्याच वाक्यात.

त्यावर वाद झाला. बायकांपैकी दोघींना शाळा कशीही बंद व्हायला नको होती. "चार लेकरं असली तरी आमची शाळा आमाला हवी," एक म्हणाली, आणि तिचेही चूक नव्हते. एका तरुण बापाला मुले खालीच हवी होती. अर्धा तास बोलणे चालले. शेवटी ठराव करायचे ठरले आणि ग्रामसेवकाने लिहून वाचून दाखवला: 'शाळा बंद झाल्यास विद्यार्थ्यांसाठी वाहनाची सोय करावी.'

"वाडीपर्यंत लिवा," मुलगी म्हणाली.

"ते ओघानं आलंच गं."

"ओघानं पाणी येतं, भाऊ. गाडी येत नाय. लिवा."

लोक हसले. ग्रामसेवकाने 'वाडीपर्यंत' घातले. "आन् नाहीतर शाळा चालू ठेवावी, ते पन." त्याने तेही घातले. तिने सगळा ठराव पुन्हा एकदा वाचायला लावला आणि मगच बसली. जे मी वर्षभर शिकवत होतो ते तिला माझ्यापेक्षा चांगले येत होते, हे मी त्या मांडवात पाहिले. परतताना मला टमटमपर्यंत सोडायला कोणी आले नाही. आत्याने एका मुलीच्या हाती तांब्याभर पाणी पाठवले. ते मी प्यायलो.

ठराव पुढे गेला, पण आदेश आधी निघाला होता. जूनमध्ये वाडीवरच्या शाळेला कुलूप लागले. मुलांसाठी एक जीप मंजूर झाली. ती येते. रस्त्याखालून ओढा काढायला एक मोरी बांधली आहे, जीप त्या मोरीपर्यंत येते. तिथून वाडी पंचवीस मिनिटांची चढण, आणि मध्ये तोच ओढा वरच्या अंगाला एकदा ओलांडावा लागतो.

ऑगस्टमध्ये एका सकाळी मी तिथे गेलो. बोलावले नव्हते. मोरीवर जीप उभी होती, चालक मोबाइल बघत होता. नऊपैकी पाच मुले खाली आली. त्यांना घेऊन ती मुलगी आली होती. सर्वांत लहानगी तिच्या कडेवर होती, कंबरेखाली ओली. बाकीच्या चौघांना घरच्यांनी पाठवले नव्हते. मुलांना जीपमध्ये बसवून तिने ओढणी पिळली. मला पाहून तिला आश्चर्य वाटलेले दिसले नाही.

"रोज असंच?" मी विचारले.

"पानी असलं की. नसलं की येतात आपली आपली."

"मी एक पत्र लिहून देतो. वर्तमानपत्रात पण ओळखीचे आहेत. चांगला मुद्दा मांडता येईल."

"नको," ती म्हणाली. "तुमी नका लिवू. मी लिवलंय. रविवारी आणते, तुमी फक्त वाचा." थोडे पुढे जाऊन ती थांबली. "पेन घरी ठेवून या, सर."

त्या रविवारी वर्ग सुटल्यावर ती आली. माझ्या शर्टाच्या खिशात पेन नसल्याचे तिने आधी पाहून घेतले, मग कागद दिला. पत्र साहेबांना होते. पहिले वाक्य साडेतीन ओळींचे. त्यात मुलांची संख्या होती, मोरी होती, ओढा होता, 'तरच' होते, 'नाहीतर' होते, आणि जीप वाडीपर्यंत येत नसेल तर जूनपासून दिवाळीपर्यंत गुरुजींना वर पाठवावे अशी एक नवी सोय होती. मी वाचत असताना माझा हात दोनदा खिशाकडे गेला. तिने दोन्ही वेळा पाहिले.

"कसं हाय?"

"लांब आहे."

"वाडी पन लांब हाय, सर," ती म्हणाली. "कापायचं हाय काय?"

"नाही."

तिने कागदाची घडी घातली. भिंतीवरच्या फोटोकडे तिचे लक्ष गेले. तिने त्यात स्वतःला शोधले. ती कडेला होती. मग ती खोपोलीच्या गाडीला गेली. फोटो मी त्या दिवशी उतरवला. कार्यवाहांनी कारण विचारले तेव्हा काच तडकली आहे असे सांगितले. काच तडकलेली नव्हती. म्हणजे तेव्हाही मी पूर्ण सांगितले नाही.

हा मजकूर छापायला देण्याआधी तिला वाचायला दिला. ती आता पहिल्या वर्षाला आहे. तिने एकच बदल सांगितला. तिला न विचारता मी कापले, ही गोष्ट मी लिहिताना खाली, ग्रामसभेच्या ठिकाणी आणली होती. ती वर घ्या, तिथपर्यंत सगळे वाचत नाहीत, असे ती म्हणाली. दुसऱ्या परिच्छेदात घेतली आहे.

पत्राला उत्तर आलेले नाही. जीप अजून मोरीपर्यंतच येते.